ठपक्याची रीत

आमच्या अकोल्याच्या घरी दिवाळीच्या फराळात चकल्या, करंज्या, अनारसे हे जिन्नस जसे ठरलेले, तसा आणखी एक जिन्नस ठरलेला असे. तो म्हणजे डॉक्टर खऱ्यांचे प्रकरण! भाऊबीजेला आजीचे भाऊ अमरावतीहून येत. ते आणि आमचे आजोबा माजघरात समोरासमोर पाट मांडून बसत. पहिली चकली संपेपर्यंत कपाशीचा भाव, पाऊसपाणी, कोणाच्या मुलीचे कुठे जमले, असे सरळ बोलणे चाले. दुसरी चकली मोडता मोडता आजोबा हळूच म्हणत,

"काही म्हना दादा, डॉक्टरवर अन्यायच झाला."

मामाआजोबा बशी खाली ठेवीत. "अन्याय? कायचा अन्याय? शिस्त मोडली त्याईनं, मंग ठपका नाई ठेवत का?"

"ठपका ठेवनारे कोन होते, थे सांगा न मले आधी!"

झाले. चहाचे पाणी होईपर्यंत दोघेही थांबायचे नाहीत. शेवटी स्वयंपाकघरातून आजीचा आवाज येई, "त्या डॉक्टरले आता तरी सोडा बाप्पा! अनारसे नरम पडून राह्यले."

हे मी सांगतो आहे ते १९९० च्या सुमाराचे. मी तेव्हा शाळेत होतो. आणि ज्याच्यावरून हे महाभारत चाले ते प्रकरण होते १९३८ सालचे. म्हणजे बावन्न वर्षांचे शिळे! दोघेही त्या साली अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, आजच्या विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्थेत, एका बाकावर बसत होते. मैत्री तिथलीच, त्या मैत्रीतूनच पुढे आजीचे स्थळ आले. पण या एका बाबतीत मेहुण्या-मेहुण्यांचे अखेरपर्यंत जमले नाही.

या सदराच्या वाचकांना ठाऊकच आहे की मी मराठीचा मास्तर. राजकारण हा माझा प्रांत नव्हे. पण 'ठपका' हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो त्या फराळाच्या ताटाशी, आणि यंदा तोच शब्द अगदी दारात येऊन उभा राहिला. म्हणून आज थोडे त्याच्याविषयी.

शब्दाकडे नीट पाहिले तर मौज आहे. आपण टीका 'करतो', निषेध 'नोंदवतो', अविश्वास 'दाखवतो'. ठपका मात्र 'ठेवतो'. टीकेला पानठेला पुरतो. निषेधाला एक सभा आणि काळी फीत पुरते. अविश्वासाला नुसते बहुमत पुरते. आमच्या लोकसभेत सरकारवर अविश्वासाचा ठराव आणताना कारणे देण्याचीसुद्धा गरज नाही. ठपक्याचा ठराव मात्र कारण सांगितल्यावाचून आणताच येत नाही. कोणी, काय केले, ते लिहावे लागते. ठपका हा एका माणसाच्या एका कृत्यावर ठेवायचा असतो. आणि ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी राहिली पाहिजे. ती दरवर्षी भाऊबीजेला जागेवरून हलत असेल, तर ती ठेवण्यातच काही चुकले असले पाहिजे.

खऱ्यांच्या बाबतीत काय घडले ते थोडक्यात सांगतो. १९३७ च्या जुलैत मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे पंतप्रधान झाले. महाकोशलातून रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता हे तिघे आले. आपल्या वऱ्हाडातले दोघे: अकोल्याचे पु. ब. गोळे आणि अमरावतीचे रामराव देशमुख. कायदेमंत्री होते बॅरिस्टर शरीफ. हिंदी मुलूख आणि मराठी मुलूख अशी ती दुबेळक्याची गाडी. बैल दोन्हीकडे ओढू लागले. १९३८ च्या मे महिन्यात पचमढीला वल्लभभाई पटेलांच्या देखत दिलजमाई झाली, पण ती उन्हाळ्यापुरतीच टिकली.

२० जुलै १९३८ रोजी डॉक्टरांनी राजीनामा दिला. पंतप्रधानाने राजीनामा दिला की साऱ्यांनी द्यायचा, हा त्यांचा न्याय. गोळे आणि देशमुखांनी तो मानला. महाकोशलातले तिघे म्हणाले, आम्ही पक्षाच्या वरिष्ठांना विचारल्याशिवाय देणार नाही. तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्या तिघांना बडतर्फ केले आणि २१ तारखेला डॉक्टरांचे नवे मंत्रिमंडळ आले. काँग्रेसच्या मंत्र्यांना इंग्रज गव्हर्नरच्या हातून काढवले, याचा गवगवा देशभर झाला. दोन दिवसांत, २३ तारखेला, ते मंत्रिमंडळही गेले.

पुढचा अंक वर्ध्याला झाला. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. कार्यकारिणी बसली. डॉक्टरांना बोलावून त्यांच्याशी बोलणी झाली. ते सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गांधीजींकडेही गेले. तिथे चूक कबूल करणाऱ्या निवेदनाचा मसुदा झाला. गांधीजींनी त्यात आपल्या हाताने दुरुस्त्या केल्या. पण त्यावर सही करायला डॉक्टर तयार झाले नाहीत. २६ जुलैला कार्यकारिणीचा ठराव झाला. डॉक्टरांच्या हातून गंभीर चुका झाल्या, त्यांनी बेशिस्त केली आणि काँग्रेसमध्ये जबाबदारीचे पद धारण करण्यास ते अपात्र ठरले, असा त्याचा आशय. पाठोपाठ शुक्लजी नेते झाले. डॉक्टरांनी त्याच वर्षी 'माय डिफेन्स' ही पुस्तिका काढून आपली बाजू मांडली, आणि काँग्रेसची दारे त्यांना बंद झाली.

आता गंमत पाहा. ज्याला जबाबदारीच्या पदास अपात्र ठरवले, तो गृहस्थ पुढे १९४३ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसला, अलवर संस्थानचा पंतप्रधान झाला, हिंदुमहासभेचा अध्यक्ष झाला आणि १९५२ साली ग्वाल्हेरहून लोकसभेत निवडून आला. त्यांचे पुढचे राजकारण कोणाला पटो न पटो. आमच्या आजोबांनाही ते सारे पटत नसे. पण वर्ध्याचा ठपका अंगाला चिकटला नाही, एवढे खरे. तो पक्षाच्या वहीत राहिला. लोकांच्या मनात त्याचे दोन तुकडे झाले. एक आजोबांनी उचलला, एक मामाआजोबांनी.

असे का व्हावे? मी मोठा झाल्यावर ही कागदपत्रे वाचली तेव्हा मला वाटले होते की, डॉक्टरांचे म्हणणे कोणी ऐकलेच नसेल. तसे नाही. त्यांच्याशी बोलणे झाले, एकदा नव्हे अनेकदा झाले. खोट दुसरीकडे होती. मंत्र्यांवर देखरेख करणारी जी संसदीय उपसमिती होती, तिच्यात पटेल, मौलाना आझाद आणि राजेंद्रबाबू होते. डॉक्टरांचे भांडण मुख्यतः याच उपसमितीच्या अधिकाराशी होते. तिनेच कार्यकारिणीपुढे हकीकत मांडली, आणि कार्यकारिणीत निकालाला पुन्हा हेच तिघे बसले. माणसे थोर, यात शंका नाही. पण फिर्यादी आणि पंच एकाच सतरंजीवर बसले की निकाल बरोबर असला तरी बरोबर वाटत नाही. दुसरी खोट अशी की, त्या ठरावात एक कृत्य आणि सबंध माणूस यांची गाठोडी एकत्र बांधली गेली. सहकाऱ्यांना गव्हर्नरकडून काढवले, ही एक गोष्ट. पदालाच अपात्र, ही फार निराळी. पहिलीबद्दल आजोबाही कदाचित मान हलवते. दुसरीने ते जन्मभर चिडले.

आणि याच मंत्रिमंडळात, याच वर्षी, दुसरा एक ठपका ठेवला गेला होता, ही गोष्ट फार थोड्यांना आठवते. कायदेमंत्री शरीफ यांनी एका कैद्याची मुदतीआधी सुटका केली. गुन्हा होता एका अल्पवयीन हरिजन मुलीवरच्या अत्याचाराचा. प्रांतात संताप उसळला. या वेळी कार्यकारिणीने निकाल स्वतः दिला नाही. कलकत्ता हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती सर मन्मथनाथ मुखर्जी यांच्यापुढे सारे कागद ठेवले आणि त्यांचे मत मागवले. मत मंत्र्यांच्या विरुद्ध गेले आणि १९३८ च्या मे महिन्यात शरीफांनी मंत्रिपद सोडले. आमच्या माजघरात या प्रकरणावर कधी चकली मोडलेली मला आठवत नाही. प्रश्न एक होता, तपासणारा बाहेरचा होता, आणि उत्तर तेवढ्याच प्रश्नाचे होते.

स्वतंत्र भारताच्या संसदेने हा धडा लवकर गिरवला. १९५१ साली मुंबईचे एक सभासद एच. जी. मुद्गल यांच्यावर आरोप आला की, मुंबईच्या सराफी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन ते त्यांच्यासाठी सभागृहात प्रश्न आणि दुरुस्त्या मांडतात. मुद्गल काँग्रेसचेच, आणि चौकशीचा ठराव मांडणारे पंतप्रधान नेहरूही काँग्रेसचेच. टी. टी. कृष्णम्माचारींच्या अध्यक्षतेखाली पाच जणांची समिती नेमली. तीत अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा होते, आणि पुढे चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी झालेल्या दुर्गाबाईही होत्या. मुद्गलांना वकील देण्याची मुभा होती, साक्षीदारांना उलटे प्रश्न विचारण्याची मुभा होती. अहवाल आला, सप्टेंबरात सभागृहात चर्चा झाली, मुद्गलांनी आपले म्हणणे मांडले आणि मग ठरावाच्या आधीच राजीनामा पुढे केला. सभागृहाने तेवढ्यावर सोडले नाही. हे वर्तन सभासदाला अशोभनीय होते, ते हकालपट्टीलाच पात्र होते आणि राजीनाम्यातल्या मजकुराने अपराध वाढलाच, असे नोंदवून ठेवले. आज सत्तर वर्षांवर होऊन गेली. मुद्गलांवर अन्याय झाला म्हणून भांडणारा मेहुणा मला तरी कुठे भेटलेला नाही.

याउलट अमेरिकेचे पाहा. तिथल्या सीनेटने १८३४ साली अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्यावर सरकारी बँकेच्या प्रकरणात ठपका ठेवला. तीन वर्षांनी बहुमत फिरले, तेव्हा जॅक्सनच्या पाठीराख्यांनी ती जुनी नोंदवही आणवली, त्या ठरावाभोवती काळ्या शाईच्या रेघा मारल्या आणि हे खोडले असे वर लिहवून घेतले! बहुमताने ठेवलेला ठपका बहुमताने पुसला. क्लिंटनसाहेबांची कथा आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिली आहे. कचेरीतल्या एका तरुण मुलीशी ठेवलेले संबंध आणि त्याबद्दलचा खोटेपणा. १९९८ च्या डिसेंबरात महाभियोग झाला, १९९९ च्या फेब्रुवारीत सीनेटने त्यांना मोकळे केले. ज्यांना पदावरून काढणे जास्त वाटत होते आणि गप्प बसणे कमी वाटत होते, अशांनी ठपक्याचा ठराव आणू पाहिला. तो मताला येऊच शकला नाही. एका बाजूला शिक्षा अपुरी वाटली, दुसरीला तेवढीही नको होती. अध्यक्षाचे वर्तन चुकले असे जवळजवळ सारेच बोलत होते. लिहून मात्र ठेवले गेले नाही.

बोलणे आणि लिहून ठेवणे यातले अंतर मला यंदा कळले.

अमरावतीतल्या एका जुन्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी आहे. आमचे अध्यक्ष माझे शिक्षक. बी. ए. ला त्यांनीच मला ज्ञानेश्वरी वाचायला शिकवली. नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन मी आधी त्यांच्याकडे गेलो होतो. गेल्या उन्हाळ्यात हिशेब पाहताना कळले की, वाचनालयाच्या इमारत निधीतून सरांनी साठ हजार रुपये घरच्या लग्नासाठी उचलले होते. पाच महिन्यांनी ते परत भरलेही होते. पै न पै. पण कोणाला विचारले नव्हते, कुठे लिहिले नव्हते.

मग सुरू झाले ते तुम्ही ओळखलेच असेल. राजकमल चौकातल्या चहाच्या टपरीवर रोज संध्याकाळी सरांवर खटला चाले. काही जण म्हणत, पैसे आले ना परत? मग कशाला म्हाताऱ्या माणसाला? पुढच्या निवडणुकीत नाव सुचवायचे नाही, म्हणजे झाले. काही जण म्हणत, नोटीस बोर्डावर लावा, पेपरात द्या! मी दोन्हीकडे मान हलवत होतो. एकदा घरी येऊन हे सारे रंगवून सांगत होतो, तेव्हा सौभाग्यवती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, टपरीवर जेवढं बोलता तेवढं सरांच्या समोर बोलून पाहिलं का एकदा?"

मी त्या रात्री ठराव लिहायला बसलो. जन्मभर मुलांचे निबंध तपासले, पण एवढे अवघड लेखन कधी केले नव्हते. पहिल्या मसुद्यात 'विश्वासघात' शब्द होता, तो खोडला. 'या पदास अपात्र' असे लिहिले आणि एकदम आजोबा आठवले. तेही खोडले. शेवटी चार ओळी उरल्या. अमुक तारखेला अमुक रक्कम समितीच्या परवानगीवाचून काढली, अमुक तारखेला परत केली. हे वर्तन अध्यक्षपदाच्या जबाबदारीशी विसंगत असून समिती त्याबद्दल ठपका ठेवीत आहे. खाली माझी सही केली. सही करताना हात जड झाला होता, हे खोटे का सांगू?

सभेच्या आठ दिवस आधी तो कागद घेऊन मी सरांच्या घरी गेलो. राष्ट्रपतींवर महाभियोग आणायचा झाला तर घटनेच्या ६१ व्या कलमाप्रमाणे चौदा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. सरांना निदान आठ तरी दिवस मिळावेत, असे मला वाटले. सरांनी चष्मा लावला. दोनदा वाचले. मी समोर उभा. त्यांनी 'बस' म्हटले नव्हते आणि मला बसवत नव्हते. मग त्यांनी खिशातून पेन काढले आणि 'विसंगत असुन' मधल्या 'सु'चा ऱ्हस्व उकार दीर्घ केला.

"मराठीचा प्राध्यापक ना तू," एवढेच म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. उपाध्यक्षांना सांग, सभा त्यांनी चालवावी. मी असेन, पण त्या खुर्चीत नको."

सभेला त्या महिन्यात सगळे नऊ सभासद हजर, हा विक्रमच! हिशेब तपासायला आम्ही गावातले एक निवृत्त न्यायाधीश आणले होते, वाचनालयाशी कसलाही संबंध नसलेले. त्यांनी आपले टिपण वाचले. सर दहा मिनिटे बोलले. लग्न कसे ऐनवेळी ठरले, बँकेचे कर्ज कसे अडले, सारे सांगितले. आणि मला माझा पैसा आणि संस्थेचा पैसा यांतली भिंत दिसेनाशी झाली होती, असे म्हणून खाली बसले. सहा विरुद्ध दोन मतांनी ठराव मंजूर झाला. सरांनी मत दिले नाही. विरुद्ध मत देणाऱ्यांतला एक जण त्यानंतर माझ्याशी महिनाभर बोलला नाही. टपरीवर सर्वांत मोठ्याने गरजणारे जे गृहस्थ होते, ते हात वर करताना दोनदा इकडेतिकडे पाहत होते.

अध्यक्षपद सरांनी स्वतःच सोडले. मला वाटले, आता ते वाचनालयाची पायरी चढणार नाहीत. त्या रात्री मला झोप आली नाही. चार ओळी लिहून मी एक घर गमावले, असेच वाटत होते.

पुढच्या महिन्याच्या सभेला मागच्या सभेचे इतिवृत्त वाचायचे होते. ते वाचण्याचे काम माझ्याकडे. मी सुरुवात केली, इतक्यात दार लोटून सर आत आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर साधे सभासद म्हणून बसले. तो ठराव वाचताना माझा आवाज घशातच अडकू लागला. उपाध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारले, "इतिवृत्त कायम करावे, असे कोण सुचवते?"

कोणीच बोलेना. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"मी सुचवतो," सर म्हणाले. "नोंद बरोबर आहे."

अनुमोदन मी दिले. सभा संपल्यावर ते माझ्याजवळ आले. म्हणाले, "या दिवाळीला अकोल्याला जाणार असशील. परत आलास की ये. आणि येताना आजीच्या रीतीचे अनारसे आण, नरम पडू देऊ नकोस."